हरणाऱ्याचे राज्य

मराठी मुलांच्या खेळात एक शब्द फार जुना आहे. लपंडाव असो, शिवाशिवी असो की आंधळी कोशिंबीर असो, खेळ सुरू होण्यापूर्वी मुले सुटतात. एकेक मूल सुटत जाते आणि शेवटी जे एकटे उरते त्याच्यावर ‘राज्य’ येते. वस्तुतः हे राज्य म्हणजे शिक्षाच. भिंतीकडे तोंड करून डोळे मिटावयाचे, आकडे मोजावयाचे, आणि मग सर्वांची थट्टा सोशीत एकट्याने सर्वांना हुडकून काढावयाचे. परंतु भाषेने या शिक्षेला दंड म्हटले नाही, कैद म्हटले नाही, राज्य म्हटले. जो हरला त्याच्याभोवतीच पुढचा सारा खेळ फिरावयाचा असतो, हे त्या शब्दाने ओळखले आहे.

या शब्दाची आठवण होण्याचे कारण म्हणजे दूरचित्रवाणीवरील एका विशिष्ट प्रकारचे खेळ. स्पर्धकाला एक प्रश्न विचारावयाचा किंवा एखादी अवघड कामगिरी सांगावयाची; तो चुकला की त्याला काहीतरी हास्यास्पद शिक्षा भोगावयास लावावयाची. कुणी चिखलात पडतो, कुणाच्या तोंडाला मलई फासली जाते, कुणाच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतले जाते. पाहणारे पोट धरून हसतात. सुजाण मंडळी अशा कार्यक्रमांना थिल्लर म्हणून मोकळी होतात. परंतु जी करमणूक निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत, गेली ऐंशी वर्षे टिकून आहे, तिच्याकडे केवळ नाक मुरडून चालत नाही. दुसऱ्याच्या फजितीवर माणूस का हसतो, आणि ते हसणे निर्मळ कधी असते व क्रूर कधी होते, हा प्रश्न त्या खेळाच्या मुळाशी आहे.

हा विचार करावयास गुलबर्गा हे ठिकाण मोठे सोयीचे आहे. २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले असले तरी मराठी घरांत अजून गुलबर्गा हेच नाव रुळलेले आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्याच्या मुलखात होता. त्यामुळे कानडी, मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा येथे एका बाजारपेठेत नांदतात. आळंद, भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूच्या मराठी कुटुंबांचा शेजार कानडी, सोयरीक सोलापूर-लातूरकडची आणि बाजारहाट दखनीतून, असा संसार असतो. गाणगापूरला दत्तदर्शनासाठी येणारा महाराष्ट्रातील यात्रेकरू या मिश्र बोलीने प्रथम चकित होतो आणि मग लवकरच तिला सरावतो.

या मुलखात दूरचित्रवाणी फार लवकर आली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष भारताने उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचविले गेले. कर्नाटकातील जी खेडी निवडली गेली ती विजापूर, रायचूर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील होती. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर जाळीची मोठी ताटली बसवावयाची आणि खाली साऱ्या गावाने एकाच संचासमोर बसावयाचे, अशी ती व्यवस्था होती. प्रयोग संपल्यावर ज्या थोड्या ठिकाणी जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे उभारण्यात आली, त्यांत १९७७ साली गुलबर्ग्याचा समावेश झाला. खुद्द बंगळूरला दूरदर्शन आले ते १९८१ साली. म्हणजे राजधानीच्या चार वर्षे आधी गुलबर्ग्याच्या लोकांनी आपल्या घरी चित्र पाहिले.

त्या पहिल्या दिवसांतील कार्यक्रम शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शिक्षण यांविषयी असत. जोडीला लोकनृत्ये, गाणी आणि नाटके असत. स्थानिक कार्यक्रमांची भाषा कानडी होती, देशभर सर्वांसाठी असणारा भाग हिंदीत होता. मराठी कुटुंबाला यातील काही कळे, काही कळत नसे. पुढे १९९० नंतर तारांचे जाळे पसरले, वाहिन्या वाढल्या, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ‘पोगो’ या मुलांच्या वाहिनीवर एक जपानी कार्यक्रम दिसू लागला. त्याचे नाव ‘ताकेशीज कॅसल’, म्हणजे ताकेशीचा किल्ला. हा कार्यक्रम समजावयास कोणतीच भाषा लागत नव्हती. माणूस धावतो, पाय घसरतो, तळ्यात पडतो; यात भाषांतर करण्यासारखे काही नाही. कानडी, मराठी आणि दखनी बोलणारी पोरे एका वेळी, एकाच कारणासाठी हसू शकतील असा हा विनोद होता.

जपानात हा कार्यक्रम १९८६ ते १९९० या काळात तयार झाला. ताकेशी कितानो हा विनोदी नट त्यात किल्ल्याचा दुष्ट अधिपती होई. पुढे याच गृहस्थाने चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नाव काढले आणि १९९७ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळविला. खेळाची मांडणी साधी होती. शंभराहून अधिक सामान्य स्त्रीपुरुष एका सेनापतीच्या मागून किल्ल्यावर चाल करून जात. वाटेत एकामागून एक अडथळे येत आणि प्रत्येक अडथळ्यापाशी बहुसंख्य वीर धारातीर्थी पडत. म्हणजे चिखलात किंवा पाण्यात पडत. शेवटपर्यंत मूठभर लोक उरत. जिंकणाऱ्यास दहा लक्ष येन मिळावयाचे, परंतु चार वर्षांत जिंकणारे फारच थोडे निघाले. भारतात दाखविताना जावेद जाफरी यांनी त्याला हिंदी समालोचन जोडले. मूळ जपानी बोलण्याशी त्याचा फारसा संबंध नसे. पडणाऱ्या अनोळखी माणसाला ते एखादे गमतीदार देशी नाव देऊन टाकीत, आणि तो परका मनुष्य क्षणात ओळखीचा वाटू लागे.

या प्रकारच्या खेळांचा उगम शोधू गेल्यास अमेरिकेपर्यंत मागे जावे लागते. २३ मार्च १९४० रोजी तेथील नभोवाणीवर ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. नावाचा अर्थ, खरे उत्तर द्या नाहीतर परिणाम भोगा. राल्फ एडवर्ड्स हा त्याचा कर्ता. लहानपणी घरच्या बैठकीत खेळलेल्या खेळावरून त्याला ही कल्पना सुचली. कार्यक्रमात स्पर्धकाला असा काही तिरपागडा प्रश्न विचारीत की त्याचे उत्तर येणे जवळजवळ अशक्य. घंटेचा कर्कश आवाज झाला की वेळ संपली, आणि मग परिणाम भोगावयाचा, म्हणजे काहीतरी वेडगळ कृत्य सर्वांसमक्ष करून दाखवावयाचे. गंमत अशी की पुष्कळ लोक मुद्दाम चुकत. त्यांना उत्तरापेक्षा शिक्षाच हवी असे. १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्यापारी दूरचित्रवाणीचा पहिला दिवस उजाडला, तेव्हा त्या दिवशीही हाच खेळ दाखविण्यात आला. म्हणजे शिक्षेचा खेळ हा दूरचित्रवाणीचा पाठचा भाऊ नव्हे, जुळा भाऊ आहे.

या खेळाने एक कामगिरी अशी केली की ती कोणत्याही शिक्षेहून विचित्र होती. दहावा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा एडवर्ड्सने जाहीर केले की जे गाव आपले नाव बदलून या कार्यक्रमाचे नाव घेईल, त्या गावातून तो दिवस साजरा केला जाईल. न्यू मेक्सिको राज्यातील हॉट स्प्रिंग्स या गावाने मतदान घेतले आणि १९५० साली खरोखरच आपले नाव बदलले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे एडवर्ड्स दर वर्षी मे महिन्यात त्या गावच्या उत्सवास जात राहिला. कार्यक्रम केव्हाच बंद पडला. गावाचे नाव मात्र आजही तेच आहे. ज्या भागाने आपल्या शहराच्या नावाचा बदल पाहिला आहे त्याला यातील गंमत आणि गांभीर्य दोन्ही कळतील. नाव बदलणे ही सामान्यतः अस्मितेची बाब. येथे एका गावाने ती थट्टेवारी नेली, आणि थट्टा करणाऱ्यानेही आपला शब्द अर्धे शतक पाळला. थट्टेला अशी जबाबदारीची जोड असली म्हणजे तिचा अपमान होत नाही.

युरोपात हाच खेळ वेगळ्या हेतूने रुजला. १९६५ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम आणि इटली या देशांच्या दूरचित्रवाणी संस्थांनी एक सामाईक स्पर्धा सुरू केली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘सीमा नसलेले खेळ’ असा होतो. फ्रेंच आणि जर्मन तरुणांनी खेळाच्या निमित्ताने एकत्र यावे अशी मूळ कल्पना अध्यक्ष द गॉल यांची होती, असे सांगितले जाते. वीस वर्षांपूर्वी ज्या दोन राष्ट्रांची तरुण पिढी एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती, त्यांच्याच गावांतील चमू आता अवजड सोंगे चढवून, साबणाच्या घसरड्या उतारावरून पाण्याच्या बादल्या नेऊ लागले. जर्मन पडला की फ्रेंच हसे, आणि दुसऱ्या क्षणी फ्रेंच पडला की जर्मन हसे. स्पर्धेत देश वाढत गेले आणि ती काही खंड पडत १९९९ पर्यंत चालली. तिने युद्धे थांबविली असे कुणी म्हणणार नाही. परंतु शेजाऱ्याचा पाय घसरतो तसाच आपलाही घसरतो, ही साधी गोष्ट तिने लक्षावधी घरांत दाखविली.

आपल्याकडे हा प्रकार नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. पत्त्यांच्या झब्बूत जो हरतो तो गाढव होतो आणि पुढचा डाव पिसण्याचे काम त्याच्याकडे येते. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, आणि वराला त्याबद्दल रागवावयाचे नसून उलट कानपिळ्याला मानाची वस्तू द्यावयाची असते. एरव्ही त्या दिवशी साऱ्या मांडवात ज्याचा रुबाब, त्याचाच कान भर सभेत पिळावयाचा, ही योजना विचार करण्यासारखी आहे. घरात पाऊल टाकणाऱ्या नववधूची वाट अडवून तिला उखाणा घ्यावयास लावतात. उखाणा घेतल्याशिवाय सुटका नाही; म्हणजे हाही एक परिणामच. आणि तो भोगताना लाजरी मुलगी पहिल्यांदाच सासरच्या माणसांसमोर मोकळेपणी बोलते.

मराठी दूरचित्रवाणीवरील ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम याच परंपरेतून उभा राहिला. २००४ साली तो सुरू झाला. आदेश बांदेकर हे गावोगावच्या घरी जात आणि त्या घरातील स्त्रियांना छोटे छोटे खेळ खेळावयास लावीत. जिंकणारीला पैठणी मिळे. या खेळांत कौशल्य असे नाममात्र आणि फजिती असे भरपूर. तरीही ज्या गृहिणींनी कधी घराबाहेर चार माणसांसमोर तोंड उघडले नव्हते, त्यांनी त्यात हौसेने भाग घेतला. याचे कारण केवळ पैठणी नव्हे. सूत्रसंचालक त्या घरात पाहुणा म्हणून येई, ‘भावोजी’ म्हणून येई. भावोजींनी केलेली थट्टा आणि परक्याने केलेली थट्टा यांत किती अंतर असते, हे मराठी घरात कुणालाही सांगावे लागत नाही. नात्याचा एक शब्द पुढे केला, की थट्टेची मर्यादा आपोआप आखली जाते.

येथे मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. पाण्यात पडलेल्या माणसाला सारे हसले, या प्रसंगाची भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध कथा महाभारताच्या सभापर्वात आहे. मयासुराने पांडवांसाठी बांधलेल्या सभेत दुर्योधन हिंडत होता. स्फटिकाची जमीन त्याला पाणी वाटली म्हणून त्याने वस्त्रे सावरली. पुढे खरे पाणी त्याला जमीन वाटले आणि तो वस्त्रांसह आत पडला. मग एका ठिकाणी बंद असलेले स्फटिकाचे दार उघडे समजून तो आत जाऊ लागला आणि त्याचे डोके आपटले. भीम हसला, सेवक हसले. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळाच’ असे द्रौपदी म्हणाल्याची लोकप्रिय कथा पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत नाही. परंतु हास्य मात्र आहे, आणि ते पुरेसे ठरले.

आता जपानी किल्ल्यातील दोन खेळ यांच्या शेजारी ठेवून पाहावेत. एका खेळात तळ्यातील दगडांवरून उड्या मारीत पैलतीर गाठावयाचा असतो. त्यांतील काही दगड पक्के असतात व काही नुसतेच तरंगणारे. वरून पाहून ओळखता येत नाही. दुसऱ्या खेळात दारांची रांग असते. काही दारे कागदाची, धडक दिली की फाटणारी. काही भक्कम, धडक देणाऱ्यालाच परत फेकणारी. जमीन कोणती आणि पाणी कोणते, उघडे दार कोणते आणि बंद कोणते, हीच मयसभेतील दोन कोडी येथे जशीच्या तशी आहेत. पडणेही तेच आणि हसणेही तेच. मग एका ठिकाणी पडलेला मनुष्य चिखल पुशीत, हसत घरी जातो, आणि दुसऱ्या ठिकाणी पडलेल्या माणसाच्या मनात कुलक्षयाचे बीज पडते, हे कशामुळे?

पहिला फरक संमतीचा. जपानी स्पर्धक आपण पडणार हे जाणून रांगेत उभा राहिलेला असतो. दुर्योधन हा खेळाडू नव्हता; तो राजसूय यज्ञाला आलेला पाहुणा होता. आपण एखाद्या खेळात आहो हे त्याला कुणी सांगितले नव्हते. दुसरा फरक बरोबरीचा. किल्ल्यावर चाल करणारे शंभर लोक सारखेच असतात. आज हसणारा पुढच्या अडथळ्यापाशी स्वतः चिखलात असतो. मयसभेत हसणारे सभेचे मालक होते, त्यांना प्रत्येक फरशी ठाऊक होती, त्यांच्या पडण्याचा संभवच नव्हता. तिसरा फरक शेवटाचा. युधिष्ठिराच्या आज्ञेने दुर्योधनाला कोरडी वस्त्रे देण्यात आली, हे खरे. पण कोरडी वस्त्रे दिल्याने हास्य वाळत नाही. खेळ संपला, आता आपण सारे सारखे, असे म्हणणारे कुणी तेथे नव्हते.

त्या हास्याचा सूड दुर्योधनाने घेतला तोही खेळानेच, हे व्यासांचे मोठे मर्मज्ञान आहे. द्यूतात संमती होती. युधिष्ठिर आपल्या पायांनी चालत गेला होता. परंतु त्या खेळातील दंडाला सीमाच उरली नाही. धन गेले, राज्य गेले, भाऊ गेले, आणि अखेर जिने खेळावयाचे कबूल केले नव्हते अशी स्त्री पणाला लावली गेली. यावरून दिसते की केवळ संमती पुरत नाही. दंड किती, तो कुठे थांबणार आणि तो कुणाला भोगावा लागणार, हे आधी ठरलेले नसेल तर संमतीला अर्थ राहत नाही.

ही केवळ पुराणातील गोष्ट नाही. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहराच्या एका नभोवाणी केंद्राने श्रोत्यांसाठी एक गमतीची स्पर्धा ठेवली. लघवीस न जाता जो सर्वांत अधिक पाणी पिईल त्याला खेळाचे एक विद्युत्-यंत्र बक्षीस मिळावयाचे होते. स्टुडिओत हास्यविनोद चालू होता. हे धोक्याचे आहे, असा इशारा एका श्रोत्या स्त्रीने दूरध्वनीवरून दिला. तोही थट्टेवारी नेण्यात आला. अल्पावधीत अतोनात पाणी प्याल्याने रक्तातील क्षाराचे प्रमाण घसरते आणि मेंदूला सूज येते. मुलांना ते खेळाचे यंत्र मिळावे म्हणून स्पर्धेत उतरलेली एक तरुण आई त्याच दिवशी घरी मरण पावली. १९४० साली नभोवाणीवरच ज्या खेळाचा जन्म झाला, त्याचे हे टोक होते. २००९ साली ज्यूरीने तिच्या कुटुंबाला एक कोटी पासष्ट लक्ष डॉलरांहून अधिक भरपाई देण्याचा निवाडा केला. त्या स्त्रीने भाग घेण्यास होकार दिला होता. परंतु ज्या गोष्टीला ती होकार देत होती तिचा धोका तिला कुणी सांगितला नव्हता.

तेव्हा असल्या खेळाची पारख करण्यास चार प्रश्न पुरेसे आहेत. शिक्षा कोणती हे खेळणाऱ्याला आधी ठाऊक होते काय? हसणाऱ्यावरही तीच पाळी येऊ शकते काय? शिक्षेची मर्यादा ठरलेली आहे काय? आणि खेळ संपल्यावर हरणाऱ्याला पुन्हा सन्मानाने पंगतीत बसविले जाते काय? पहिल्या तीन गोष्टी नियमांनी साधता येतात. चौथी मात्र सूत्रसंचालकाच्या हातात असते. म्हणूनच या प्रकारच्या कार्यक्रमात प्रश्नांपेक्षा आणि बक्षिसांपेक्षा तो माणूस अधिक महत्त्वाचा. तो चांगला असेल तर फजित झालेला स्पर्धक सर्वांचा लाडका होतो. तो उथळ असेल तर लक्षावधी लोकांच्या देखत एका माणसाची अब्रू जाते.

हाच निकष रोजच्या व्यवहाराला लावून पाहावा, आणि त्यासाठी पुन्हा गुलबर्ग्याकडेच यावे. सीमाभागातील मराठी माणसाच्या बोलण्यात कानडी हेल असतो, दखनी शब्द असतात, लिंगवचनाची थोडी ओढाताण असते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तो पुण्या-मुंबईस गेला की पहिल्या वाक्यालाच कुणीतरी हसते. कानडी कचेरीत गेला की तेथे त्याच्या कानडीला हसतात. विनोदी मालिकांतही असे बोलणे केवळ हशा पिकविण्यासाठी एखाद्या नोकराच्या किंवा गावंढळ पात्राच्या तोंडी घातले जाते. हीसुद्धा हास्यास्पद शिक्षाच आहे. परंतु या खेळात उतरण्यास त्या माणसाने कधी होकार दिलेला नसतो. हसणाऱ्यावर ती पाळी कधी येत नाही, कारण हसणारा मयसभेच्या मालकाप्रमाणे आपल्याच फरशीवर उभा असतो. आणि हा खेळ संध्याकाळी संपतही नाही. पुष्कळ माणसे या हास्याच्या भीतीने चार लोकांत आपली भाषा बोलण्याचे टाळतात, आणि त्यांची मुले ती घरातही बोलत नाहीशी होतात. चिखल धुतला जातो. ही भीती मात्र पिढीजात होऊ शकते.

याचा अर्थ कुणी कुणाच्या बोलण्याला कधीच हसू नये, असा नाही. गुलबर्ग्याच्या बाजारात चार भाषांचे लोक एकमेकांच्या उच्चारांना रोज हसतात आणि त्यावाचून त्यांचा दिवस जात नाही. मराठी माणूस कानडीत चुकला की कानडी दुकानदार हसतो. तोच दुकानदार मराठी बोलू गेला की गिऱ्हाईक हसते. आणि दोघांची दखनी ऐकून तिसरा हसतो. येथे प्रत्येकाची पाळी येते, म्हणून कुणालाच ओशाळे वाटत नाही. फ्रेंच आणि जर्मन तरुणांना साबणाच्या उतारावर नेऊन जे साधावयाचे होते, ते अशा बाजारात कोणत्याही योजनेवाचून साधलेले असते.

लपंडावात एक नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी प्रत्येक मुलाला तो ठाऊक असतो. एकाच मुलावर सारखे राज्य येऊ लागले आणि ते रडकुंडीला आले, की त्या मुलांपैकी थोडे मोठे असलेले कुणीतरी पुढे होते आणि ‘आता माझ्यावर राज्य’ असे म्हणून भिंतीकडे तोंड करते. खेळ मोडत नाही, रडणारे मूल डोळे पुसून इतरांबरोबर लपावयास पळते, आणि आकडे पुन्हा एकपासून मोजले जाऊ लागतात.